एनर्जी ड्रिंकमधलं काय काय अंगात गेल्यावर काय काय करतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न फिरून फिरून येत राहतात म्हणून सगळे एका जागी आणलेत. सोपे वर आहेत, किचकट खाली. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तर तिथे नंबर दिलाय, सरळ तिकडे उडी मारा. आणि आत्ता या क्षणी छातीत दुखतंय, धडधड थांबत नाहीये किंवा चक्कर येऊन पडायला झालंय असं काही चालू असेल तर वाचत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

१. कॅनच्या मागे एवढी मोठी यादी असते, त्यातलं नक्की काम कोण करतं?

खरं सांगायचं तर दोनच जण. कॅफीन आणि साखर. बाकी टॉरिन, बी ग्रुपची व्हिटॅमिन्स, इनोसिटॉल, ग्लुक्युरोनोलॅक्टोन, जिनसेंग, एल-कार्निटिन ही मंडळी नावाने भारी वाटतात पण कॅन प्यायल्यावर अर्ध्या तासात जी तरतरी येते तिच्यात त्यांचा वाटा असला तरी फार थोडा. उदाहरण म्हणून २५० मिलीचा साधा रेड बुल घ्या: कॅफीन ८० मि.ग्रॅ., साखर साधारण २७ ग्रॅम, टॉरिन १ ग्रॅम. ८० मि.ग्रॅ. म्हणजे एक कप कॉफी, बस. लोकांना वाटतं कॅनमध्ये काहीतरी जबरदस्त रसायन आहे, तसं नाहीये. प्रॉब्लेम असा की कॉफी गरम असते म्हणून सावकाश प्यायली जाते आणि हे थंड, गोड, गॅसवालं असतं, घटाघट संपतं, आणि मोठा कॅन असेल तर दोन कप कॉफी पाच मिनिटांत पोटात.

२. कॅफीनने ऊर्जा मिळते म्हणजे नेमकं काय होतं?

ऊर्जा मिळत नाही, थकवा कळायचा बंद होतो. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि तो ठरलेल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्यासाठीच्या जागेवर, जाऊन बसला की आपल्याला सुस्ती येते. कॅफीनचा रेणू दिसायला अ‍ॅडेनोसिनसारखाच, त्यामुळे तो त्याच जागेवर जाऊन बसतो पण झोपेचा सिग्नल काही देत नाही. आपल्या पार्किंगमध्ये दुसऱ्याने गाडी लावून ठेवावी तसं, अ‍ॅडेनोसिन बाहेर घिरट्या घालत राहतं. ते कुठे गेलेलं नसतं, उलट साठतच असतं. कॅफीन उतरलं की सगळं एकदम जागेवर येऊन बसतं आणि म्हणून काही जणांना असर संपताना पहिल्यापेक्षा जास्त गळून गेल्यासारखं वाटतं.

शिवाय अ‍ॅड्रेनॅलिन थोडं वाढतं, ब्लड प्रेशर थोडं चढतं, काहींचे हात थरथरतात, पोटात अ‍ॅसिड वाढतं. हे सगळं त्या एका रेणूचंच.

३. किती वेळात चढतं आणि किती वेळाने उतरतं?

चढायला वेळ लागत नाही, साधारण पाऊण तासात जवळपास सगळं कॅफीन आतड्यातून रक्तात गेलेलं असतं. उतरायला मात्र लागतो. निरोगी मोठ्या माणसात अर्ध कॅफीन बाहेर पडायला सरासरी ५ तास धरतात, पण माणसामाणसात फार फरक, कुणाला दोन तास तर कुणाला नऊ.

हिशोब करून बघा. संध्याकाळी ६ ला १६० मि.ग्रॅ.वाला मोठा कॅन प्यायलात, तर रात्री ११ ला ८० शिल्लक, म्हणजे अंथरुणात शिरताना एक छोटा कॅन अंगात आहेच, आणि पहाटे ४ ला अजून ४०. "मला तर झोप लागते बुवा" असं बरेच जण म्हणतात, लागत असेलही, पण गाढ झोप कमी होते आणि ते आपल्याला कळत नाही. २०१३ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात झोपायच्या ६ तास आधी ४०० मि.ग्रॅ. कॅफीन दिलं तर झोप तासाभरापेक्षा जास्त कमी झाली होती. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मरगळ, पुन्हा कॅन. माझ्या मते एनर्जी ड्रिंकचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, आणि त्याचं नाव कुठल्याच लेबलवर नसतं.

४. दिवसाला किती चालतं? आणि लेबलवरून हिशोब कसा काढायचा?

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे ईएफएसएने, २०१५ मध्ये आकडे दिले ते बऱ्याच ठिकाणी वापरतात. निरोगी मोठ्या माणसाला एका वेळी २०० मि.ग्रॅ.पर्यंत आणि पूर्ण दिवसात ४०० मि.ग्रॅ.पर्यंत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना दिवसभरात २००. यात कॉफी, चहा, कोला, डोकेदुखीच्या काही गोळ्या, सगळं आलं, फक्त कॅन नाही.

आता लेबल. कॅन फिरवा, पोषणाचा तक्ता बघा. बहुतेक वेळा "कॅफीन ३२ मि.ग्रॅ. प्रति १०० मिली" असं लिहिलेलं असतं किंवा टक्क्यात ०.०३२. ३२ बघून वाटतं अरे काहीच नाही. पण खाली कॅन किती मिलीचा आहे ते बघा. २५० मिली असेल तर ८०, ५०० मिली असेल तर १६०. काही ठिकाणी तर एका कॅनला दोन सर्व्हिंग धरतात आणि आकडा एका सर्व्हिंगचा देतात, आता अर्धा कॅन पिऊन बाकीचा फ्रीजमध्ये ठेवणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आणि त्या ६० मिलीच्या छोट्या "शॉट" बाटल्या असतात त्यांना आकारावरून हलकं समजू नका, काहींमध्ये २०० मि.ग्रॅ. असतं.

५. टॉरिन बैलाच्या अंगातून काढतात हे खरंय का? शाकाहारी माणसाने प्यावं का?

१८२७ मध्ये ते पहिल्यांदा सापडलं ते बैलाच्या पित्तात, जर्मनीत टीडेमान आणि ग्मेलिन या दोघांना, तिथून ही गोष्ट सुरू झाली आणि वाढत वाढत कुठल्या कुठे गेली. आज ड्रिंकमध्ये जे टॉरिन घालतात ते कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं असतं, जनावराचा संबंध नाही.

आणि टॉरिन परकं पण नाहीये. आपलं लिव्हर स्वतः बनवतं, हृदयाच्या स्नायूत, डोळ्याच्या पडद्यात, मेंदूत ते असतंच, पित्तात चरबी पचवायला लागतं. बाहेरून एक ग्रॅम आणखी घेतलं तर जास्तीचं लघवीतून निघून जातं. ईएफएसएने २००९ मध्ये तपासून सांगितलं होतं की ड्रिंकमध्ये असतं तेवढ्या प्रमाणात काळजीचं कारण नाही. त्याने उत्तेजना येते असं म्हणतात ते मात्र उलटंच आहे, टॉरिनचा मज्जासंस्थेवरचा परिणाम असलाच तर शांत करणारा.

६. ग्लुक्युरोनोलॅक्टोनने ब्रेन ट्यूमर होतो असा मेसेज फिरतोय, खरं काय?

अफवा आहे, आणि खूप जुनी. व्हिएतनाम युद्धात सैनिकांना दिलं, त्यांना ट्यूमर झाले वगैरे, या गोष्टीला काडीचा पुरावा नाही. हा पदार्थ आपलं शरीर ग्लुकोजपासून स्वतः तयार करतं. पण तो घालून थकवा जातो याचाही धड पुरावा नाही. त्यामुळे घाबरू नका आणि त्यासाठी पैसेही घालवू नका.

७. बी व्हिटॅमिन्स तर चांगली असतात ना? मग जास्त असली तर फायदाच की?

बी व्हिटॅमिन्स अन्नातून ऊर्जा काढायच्या यंत्रणेत मदत करतात हे बरोबर, पण तुमच्यात कमतरता नसेल तर वरून ओतून ती यंत्रणा जास्त जोरात चालत नाही. कॅन प्यायल्यावर लघवी भडक पिवळी होते ना, ते बी२ आहे, जास्तीचं बाहेर चाललंय.

पण "जास्तीचं निघूनच जातं, काय होणार" हे दोन व्हिटॅमिन्सच्या बाबतीत चालत नाही. एक बी३, म्हणजे नायसिन. जास्त झालं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो. २०१६ मध्ये डॉक्टरांनी एका पन्नाशीच्या माणसाची केस छापली होती, तीन आठवडे रोज चार-पाच एनर्जी ड्रिंक्स, आणि अंग पिवळं पडून हेपॅटायटिस. डॉक्टरांचा संशय नायसिनवर होता. दुसरं बी६. महिनोन्महिने जास्त डोस गेला तर नसांवर परिणाम होतो, हातापायाला मुंग्या, बधिरपणा. ईएफएसएने २०२३ मध्ये बी६ ची वरची मर्यादा २५ वरून १२ मि.ग्रॅ. दिवसाला अशी खाली आणली. एखादा कॅन प्यायला तर काही होत नाही, पण रोज दोन-तीन कॅन, वर मल्टीव्हिटॅमिनची गोळी, वर जिमची पावडर असं ज्यांचं चालू आहे त्यांनी तिन्ही लेबलांवरचं बी६ एकदा बेरीज करून बघाच.

८. माझ्या ड्रिंकमध्ये कॅफीन नाही, नॅचरल ग्वाराना आहे. ते सेफ ना?

ग्वाराना म्हणजेच कॅफीन. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली वेल आहे, तिच्या बियांमध्ये कॉफीच्या बियांपेक्षाही जास्त कॅफीन असतं. रेणू तोच, झाडातून आला काय आणि कारखान्यातून आला काय, मेंदूला फरक कळत नाही. उलट वांधा असा की काही लेबलांवर ग्वारानातलं कॅफीन वेगळं मोजून दिलेलं नसतं, त्यामुळे प्रश्न ४ मधला हिशोब कमी भरतो.

९. साखरेचं काय? तासाभराने एकदम डाऊन वाटतं ते शुगर क्रॅश का?

२७ ग्रॅम म्हणजे साधारण सहा-सात चमचे. डब्ल्यूएचओ म्हणते वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्के, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, जमलं तर आणखी उत्तम. एक छोटा कॅन त्या २५ च्या पुढे जातो, ५०० मिलीचा तर ५० च्या वर. आणि पातळ साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे जेवण तेवढंच होतं आणि कॅलरी वर जमा. रोजची सवय असेल तर वजन, फॅटी लिव्हर, टाइप २ डायबेटिस या नेहमीच्या रस्त्याने गाडी जाते.

क्रॅशबद्दल मात्र जरा थांबा. निरोगी माणसाची शुगर सहसा इतकी खाली जात नाही की माणूस कोसळेल. बहुतेक वेळा ते आधीच झोपेचं कर्ज असतं आणि कॅफीनचा असर ओसरायला लागलेला असतो (प्रश्न २).

१०. मग शुगर-फ्री घेतलं की झालं?

साखर गेली, कॅलरी गेल्या, एवढंच. कॅफीन तेवढंच, अ‍ॅसिड तेवढंच, त्यामुळे झोप, धडधड आणि दात यात काही फरक पडत नाही. डायबेटिस असलेल्यांसाठी एक बारीक गोष्ट, कॅफीन स्वतःच इन्सुलिनचा असर तात्पुरता थोडा कमी करतं, म्हणून शुगर-फ्री पिऊनही जेवणानंतरची शुगर नेहमीपेक्षा जास्त दिसली तर मीटरला दोष देऊ नका.

११. दातांना काय होतं?

दातावरचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, साधारण ५.५ पीएचच्या खाली (पीएच जितका कमी तितका आंबटपणा जास्त) विरघळायला लागतं आणि ही ड्रिंक्स साडेतीनच्या आसपास असतात. घोट घोट करत तासभर पीत बसणं सगळ्यात वाईट. पिऊन लगेच ब्रशही करू नका, मऊ पडलेलं एनॅमल घासलं जातं. पाण्याने चूळ भरा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

१२. हार्ट अटॅक येतो म्हणतात. किती खरं, किती घाबरवणं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर एका ओळीत देणं बरोबर नाही.

निरोगी माणसाने कधीतरी एक कॅन प्यायला तर हृदय बंद पडेल असं काही नाही. पण वर मी म्हटलं की बाकीचे घटक फारसं काही करत नाहीत, तिथे एक अपवाद ठेवावा लागतो तो इथे. २०१९ मध्ये ३४ निरोगी तरुणांवर एक प्रयोग छापून आला, त्यांना तासाभरात जवळपास ९५० मिली एनर्जी ड्रिंक प्यायला दिलं, कॅफीन सगळं मिळून ३०० च्या थोडं वर. चार तासांनी त्यांच्या ईसीजीमध्ये क्यूटी नावाचं जे अंतर असतं ते नुसतं चवीचं पाणी प्यायल्याच्या तुलनेत ६ ते ८ मिलिसेकंदांनी वाढलेलं दिसलं, आणि ब्लड प्रेशरही ४-५ ने वर. क्यूटी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांना एका ठोक्यानंतर पुढच्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ, तो फार लांबला तर ठोका बिघडू शकतो. तेवढ्या कॅफीनने एकट्याने असं व्हायला नको, म्हणून संशोधकांना कॅनमधल्या दुसऱ्या कशाचा तरी किंवा सगळ्यांच्या मिश्रणाचा संशय आला. नेमका कोणाचा ते त्या प्रयोगातून ठरत नाही.

६-८ मिलिसेकंद निरोगी माणसाला जाणवणारही नाहीत. पण ज्याला जन्मतः लाँग क्यूटीचा त्रास आहे, किंवा जो आधीच क्यूटी वाढवणारी औषधं घेतोय, त्याच्यासाठी ही भर नको असलेली आहे. अवघड भाग हा की लाँग क्यूटी असलेल्या कित्येकांना ते माहीतच नसतं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय, किंवा पळताना, घाबरल्यावर तुम्ही स्वतः बेशुद्ध पडलाय, तर आधी ईसीजी काढा. हाय बीपी, हृदयाचा आजार, ठोक्यांची गडबड असलेल्यांनी सरळ लांब राहा.

१३. वर्कआउटच्या आधी प्यावं का? आणि स्पोर्ट्स ड्रिंकच्या ऐवजी चालेल का?

कॅफीनने व्यायामात फायदा होतो हे खरंय, वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मि.ग्रॅ. या डोसवर चांगला अभ्यास झालाय, आणि खेळातल्या डोपिंगच्या बंदी यादीतून ते २००४ मध्ये काढलं गेलंय. पण ६० किलोच्या माणसाला ते १८० ते ३६० मि.ग्रॅ. झालं, म्हणजे दोन-चार छोटे कॅन आणि त्यासोबत साखर. प्रश्न ४ मधली एका वेळची २०० ची मर्यादा पण लक्षात घ्या.

स्पोर्ट्स ड्रिंक वेगळी गोष्ट आहे. त्यात घामातून गेलेलं मीठ-पाणी भरून काढायला सोडियम असतं आणि साखर ६-८ टक्के असते. एनर्जी ड्रिंकमध्ये साखर ११ टक्के, त्यामुळे ते पोटातून हळू पुढे सरकतं, धावताना पोटात डचमळतं. भर उन्हात घाम गाळून आल्यावर तहान भागवायला हे पिऊ नका, पाणी प्या.

१४. दारूत मिसळलं तर चढत नाही म्हणतात?

चढते तेवढीच, कळत नाही एवढंच. कॅफीन गुंगी झाकतं पण रक्तातलं अल्कोहोल एक थेंब कमी करत नाही. मग माणूस आणखी पितो, "मी ठीक आहे" म्हणत गाडीची चावी उचलतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्याने, म्हणजे एफडीएने, २०१० मध्ये कॅफीन घातलेली तयार दारू विकणाऱ्या चार कंपन्यांना यावरून इशारा दिला होता.

१५. मुलगा चौदा वर्षांचा आहे, परीक्षेच्या वेळी एखादा चालेल का?

माझं उत्तर नाही. ईएफएसएच्या हिशोबाने मुलांना दर किलोला ३ मि.ग्रॅ., म्हणजे ४० किलोच्या मुलाला दिवसाला १२०, तो आकडा ५०० मिलीचा एकच कॅन ओलांडतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगून टाकलं की मुलांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागा नाही. लिथुआनियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने २०२४ मध्ये अठराच्या आतल्यांना विकायला बंदी घातली. आणि परीक्षेपुरतं बोलायचं तर वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायचं काम झोपेत होतं, झोप मारून वाचलेलं किती टिकणार.

१६. रोज दोन कॅन होतात. एक दिवस नाही घेतला तर डोकं फुटायला येतं. हे व्यसन आहे का?

कॅफीनची सवय लागली आहे आणि डोकेदुखी ही ते बंद झाल्याची खूण आहे. शेवटच्या कॅनपासून साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होते, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आणि दोन ते नऊ दिवसांत जाते. कॅफीनमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्या एकदम रुंदावतात म्हणून ठणकतं. चिडचिड, मळमळ, कशात लक्ष न लागणं हे पण त्यातलंच. झटक्यात सोडायची गरज नाही, दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं कमी करा.

१७. सिगारेट सोडली आणि तेव्हापासून तेवढ्याच कॅनने हात थरथरतात, झोप उडाली. निकोटिनचंच ना हे?

थोडं निकोटिनचं, पण पूर्ण नाही, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. धुरातल्या पदार्थांनी लिव्हरमधलं कॅफीन मोडणारं एन्झाइम जोरात चालत असतं, त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने जातं. सिगारेट बंद झाली की काही दिवसांत तो वेग नॉर्मलवर येतो आणि तोच कॅन दुप्पट वेळ अंगात राहतो. लोक समजतात सिगारेटची तलफ आलीय आणि परत ओढायला लागतात. आधी कॅफीन निम्म्यावर आणून बघा.

उलट्या बाजूने, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफीन उतरायला दुप्पट वेळ लागू शकतो, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर अर्ध उतरायला १५ तासांपर्यंत.

१८. कुठल्या औषधांसोबत भानगड होते?

सगळी यादी इथे देता येणार नाही, नेहमीची सांगतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि फ्लुवॉक्सामिन ही डिप्रेशन-ओसीडीची गोळी कॅफीन मोडू देत नाहीत, दुसरी तर कित्येक पटीने. दम्याची थिओफिलिन आणि कॅफीन ही सख्खी भावंडं, दोघांचे त्रास एकमेकांत मिळतात. क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियाची गोळी घेणाऱ्यांमध्ये कॅफीन वाढलं की औषधाची पातळी वाढते. जिनसेंग असलेलं ड्रिंक वॉरफरिन या रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा असर कमी करू शकतं.

लिथियमचं, म्हणजे बायपोलरच्या औषधाचं, प्रकरण उलटं आहे. कॅफीन लिथियम लघवीतून जास्त बाहेर काढतं. त्यामुळे रोज पिणाऱ्याने चांगल्या हेतूने एका दिवसात बंद केलं तर लिथियमची पातळी वर जाऊन विषबाधेपर्यंत जाऊ शकते. म्हणजे इथे वाढवायचं असो की सोडायचं असो, डॉक्टरला आधी सांगायचं.

१९. टेस्टच्या आधी प्यायलं तर रिपोर्ट चुकतो का?

काही टेस्टचा, हो. उपाशीपोटीच्या शुगरला साखरवालं अर्थातच नाही, पण शुगर-फ्रीही नको (प्रश्न १०). बीपी मोजायच्या आधी किमान अर्धा तास नको. फुफ्फुसाची फुंकायची टेस्ट असेल तर काही तास आधीपासून बंद, कारण कॅफीन श्वासनळ्या थोड्या मोकळ्या करतं आणि दमा लपतो. बी१२ तपासायचं असेल तर रोजच्या कॅनमुळे आकडा फुगलेला येऊ शकतो, डॉक्टरला सांगून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची, हृदयाची स्ट्रेस टेस्ट जी धावायला न लावता औषध टोचून करतात. त्यात अ‍ॅडेनोसिन किंवा त्याच्याच रस्त्याने काम करणारं औषध देतात आणि तुमच्या अंगात कॅफीन असेल तर त्याची जागा आधीच अडवलेली असते, औषध लागूच पडत नाही आणि दोष असूनही टेस्ट नॉर्मल दिसू शकते. म्हणून १२ ते २४ तास आधीपासून कॉफी, चहा, कोला, कॅन, सगळं बंद ठेवायला सांगतात. चुकून प्यायला गेलात तर लपवू नका, टेबलवर झोपायच्या आधी सांगा, तारीख बदलून देतात.